सात नंबरच्या फाटकातून

६ सप्टेंबर

ताई,

फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी मी इकडून घसा फोडून ओरडत होतो, तू तिकडून "कोण गेलं? कोण गेलं?" म्हणत घाबरलीस, आणि आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं कामं सोडून माझ्याकडे बघायला लागली. त्यापेक्षा पत्र बरं. तुझ्या कानांना ताप नाही, माझ्या घशालाही नाही.

सध्या जीव मेटाकुटीला आलाय. तीन महिने एकच काम चाललंय. लोक घरातून निघून पायी किंवा सायकलने झाडापाण्यापर्यंत पोचतात का, किती पोचतात, तिथे किती वेळ असतात, हे मोजायचं. सगळ्या गावांचे आकडे माझ्याच टेबलावर येऊन पडतात. शिवाय लोकांनी भरलेले कागद. "गेल्या सात दिवसांत आपण मोकळ्या हवेत फिरायला किती वेळा गेलात?" एकाने लिहिलंय, गच्चीवर कपडे वाळत घालतो, ते धरायचं का? दुसऱ्याने उलट मलाच विचारलंय, तुम्ही किती वेळा गेलात? काय सांगू त्याला! सात दिवस सोड, मी महिनाभरात घर आणि ऑफिस सोडून कुठेही गेलेलो नाही. लोकांच्या फिरण्याचा हिशेब ठेवता ठेवता माझ्या पायांना मुंग्या येतात.

पण एक गंमत सांगायची आहे. तुमच्या मोठ्या बागेची यादी परवा आली. बागेला बाजूची बारा छोटी फाटकं आहेत, त्या प्रत्येकावर आम्ही डबीएवढं यंत्र बसवलंय. मधून कोणी गेलं की एक आकडा वाढतो. फोटो नाही, नाव नाही, फक्त आकडा आणि वेळ. तुझ्या गल्लीच्या टोकाला आहे ते सात नंबरचं. ताई, तिथे रोज ऐंशीच्या वर! तेही बहुतेक सगळे सकाळी सात ते आठ. बाकीच्या फाटकांवर वीस-तीस-चाळीस माणसं, आणि तुमच्या एवढ्याशा गल्लीत ऐंशी! तुम्ही सगळे इतके तब्येतीचे कधी झालात? कोण कोण जातं ते जरा कळव. अहवालात चार ओळी हाडामांसाच्या माणसांच्या घालायच्या आहेत, नाहीतर सगळा कोरडा भुसा.

भावोजी कसे आहेत? झटका येऊन सहा महिने झाले ना? आता चालतात का?

तुझा
मोजपट्टी


१७ सप्टेंबर

मोजपट्टी,

जेवतोस का वेळेवर? अक्षर वाळलेलं दिसतंय.

लहानपणी आपल्या पलंगाच्या मधोमध पट्टी लावून, हिच्याकडे दोन बोटं जागा जास्त आहे म्हणून भोकाड पसरायचास. मी तेव्हाच आईला म्हटलं होतं, हा मोजण्यातच जन्म घालवणार. आता भोग.

ऐंशी माणसं कुठली रे? गल्लीत घरं चौदा. त्यातल्या दोघांना पायऱ्या उतरवत नाहीत. वरच्या मजल्यावरचा शिंपी कुत्र्याला घेऊन जातो, खरं तर कुत्रंच त्याला ओढत नेतं. कोपऱ्यावरच्या शिक्षिकाबाई मनात आलं तर जातात, आणि त्यांच्या मनात वर्षातून चारदा येतं. बाकी त्या बोळात कोणी फिरकत नाही. पण मी सकाळी कुठे दारात उभी असते? पाणी भरायचं, ह्यांचं अंथरूण काढायचं, गोळ्या, धुणं. तुझं यंत्र म्हणत असेल ऐंशी, तर असतील बाबा. पलीकडच्या वस्तीतून येत असतील.

अहवालात चांगलंच लिही. लोक चालतात, हवा खातात, आनंदात आहेत. तुझ्या साहेबांना तेवढंच हवं असणार.

हे बरे आहेत. सकाळी तेवढे एकटे बाहेर पडतात, चालून येतात. जिभेवर शब्द अजून अडकतात, पण माझं त्यांना कळतं आणि त्यांचं मला. काळजी करू नकोस.

ताई


१ ऑक्टोबर

ताई,

लिहिलं एकदाचं! "चौदा घरांच्या लहानशा गल्लीतही सकाळी नियमाने चालणाऱ्यांचा मोठा गट तयार झाला असून..." वगैरे वगैरे. आमच्या बाईंना, म्हणजे आमच्या विभागाच्या मुख्य बाईंना, ते इतकं आवडलं की त्यांनी त्याखाली दोन रेघा मारल्या. नोकरीत आल्यापासून माझ्या वाक्याखाली रेघ पडायची ही पहिलीच वेळ. चुकीच्या शब्दाखाली पडल्यात, त्या वेगळ्या.

आता सांगायला हरकत नाही, आधी तोंड बंद ठेवायचा हुकूम होता. तुमच्या बागेची बारा फाटकं रोज उघडायला आणि लावायला माळी लागतात, आणि माळी उरलेत फक्त नऊ फाटकांपुरते. तीन फाटकांना कायमचं कुलूप लागणार. यंत्रं बसवायच्या आधी जी कच्ची यादी होती, तिच्यात पहिलं नाव तुमच्या सातचं होतं. चौदा घरं, कोण जाणार तिथून, असा सगळ्यांचा अंदाज. तुमच्या ऐंशी जणांनी ते वाचवलं बघ! त्याच्याऐवजी आता अकरा नंबर जाईल, बागेच्या पार पलीकडच्या बाजूचं. तिथे रोज एकतीस.

एक गोष्ट मात्र कळत नाही. तुमच्याकडे माणसं घोळक्याने येत नाहीत. पाऊण-पाऊण मिनिटाला एक, बरोबर तासभर. शाळेतली मुलं रांगेने सोडावीत तशी. तिथे काही व्यायाम मंडळ वगैरे आहे का? असेल तर त्याचं नाव कळव, तळटीप घालतो.

मोजपट्टी


१० ऑक्टोबर

मोजपट्टी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मंडळ नाही रे. ते हे आहेत.

नीट सांगते. त्या फाटकाच्या बोळात दोन्ही बाजूंना कमरेएवढे लोखंडी कठडे आहेत, मोटरसायकली आत शिरू नयेत म्हणून घातलेले. खाली सपाट सिमेंट. ह्यांची उजवी बाजू गेली, धरायला डावा हात तेवढा राहिला. जाताना डावीकडचा कठडा धरतात, पलीकडे पोचून वळले की दुसरा कठडा डावीकडे येतो. ह्यांना व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी अख्खं गाव पालथं घातलं, पण दोन्हीकडे कठडे असलेली जागा ही एवढीच सापडली. मोठ्या दरवाज्याला पायऱ्या आहेत. बागेच्या आत रस्ता उंचसखल. म्हणून हे फाटकातून आत जातात, वळतात, बाहेर येतात, पुन्हा वळतात. एकतीस वर्षं बस चालवली, कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा कधी पायी गेले नाहीत, आणि आता बारा फुटांत जाणं-येणं चाललंय. जाऊन आले की एक फेरी. रोज चाळीस फेऱ्या. घरी आले की दारातच मला चार बोटं दाखवतात, म्हणजे चार दहा. गाडी वेळेवर लावल्याचा तोच जुना रुबाब.

चाळीसदा जाणं आणि चाळीसदा येणं. तू माणसं म्हणालास म्हणून माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. तुझ्या ऐंशी माणसांत माणूस एकच आहे.

आणि "बरे आहेत" असं लिहिलं, तेही अर्धंच खरं होतं. ऑगस्टमध्ये बाथरूममध्ये पडले. एकट्याने उचलताना माझी कंबर गेली. तुला ऑफिसात काम सुचणार नाही म्हणून बोलले नाही.

आता काय होणार?

ताई


२४ ऑक्टोबर

ताई,

डोकं धरून बसलोय. हे पत्र लिहायला दोन आठवडे घेतले.

चूक माझी आहे. पाऊण मिनिटाला एक माणूस, रोज, तासभर, हे बघून कुणालाही शंका आली असती. मलाही आली. पण ती शंका मला नको होती. या कामात पहिल्यांदा एक आकडा आनंदाचा दिसला, आणि तो तुझ्या गल्लीतला! मी तो कवटाळून बसलो.

बाईंना सांगायला दोनदा गेलो. पहिल्यांदा त्या फोनवर होत्या. दुसऱ्यांदा मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच माझं वाक्य समोरच्या पाहुण्यांना वाचून दाखवलं. मी मान डोलावून परत आलो. खरं सांगायचं तर मला सांगायचंच नव्हतं.

सांगितलं तर सातचा आकडा चार-पाचवर येतो आणि त्याला कुलूप. भावोजींचा कठडा मधोमध तुटतो. नाही सांगितलं तर अकराला कुलूप. आणि तिथली एकतीस एकतीसच आहेत, मी आकडे तपासले. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या चालीने, कामावर जाणारी माणसं.

मी फार थकलोय गं. तू मोठी आहेस, तूच सांग काय करू.

मोजपट्टी


२ नोव्हेंबर

मोजपट्टी,

मोठी आहे म्हणून माझ्या गळ्यात घालू नकोस.

खोटं लिही, असं मी तुला सांगणार नाही. खरं लिही, असं सांगायला माझं तोंड उघडत नाही. काल हे पंचेचाळीस फेऱ्या करून आले. घामाने निथळत होते, सदरा अंगाला चिकटलेला. दारात उभे राहून हसले. डाव्याच बाजूने, पण हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

तुला काय करायचं ते कर. मला सांगू नकोस.

ताई


२० डिसेंबर

ताई,

सांगू नकोस म्हणालीस, तरी सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगू?

मी गप्प बसलो. एक तारखेला अकरा नंबरला कुलूप लागलं. आठ दिवसांत तक्रार आली, आणि ती फिरत फिरत माझ्याच टेबलावर. दवाखान्याच्या धुलाईघरात काम करणारी बाई आहे. बागेतून चालत बारा मिनिटांत कामावर पोचायची. आता ट्रकच्या रस्त्याने चाळीस मिनिटं, पायवाट नाही, पहाटे दिवे नाहीत. तिने कुणाकडून तरी लिहून घेतलंय, खाली अंगठा आहे. मी त्यावर "नोंद घेतली" असा शिक्का मारला. पायी चालण्यासारखं सुख नाही, असं अहवालाच्या पहिल्या पानावर मीच लिहिलंय.

यंत्रं मार्चअखेरपर्यंत राहणार आहेत. पडताळणी म्हणून. उघड्या ठेवलेल्या एखाद्या फाटकाचा आकडा निम्म्याच्या खाली गेला, तर तो निर्णय फिरवायचा असं ठरलंय. तू हे भावोजींना सांगू नकोस, उगीच त्यांच्या जिवाला घोर. ते कशाला फेऱ्या सोडतायत? माझा आता सगळा भरवसा त्यांच्या डाव्या हातावर आहे.

झोप लागत नाही नीट.

मोजपट्टी


१८ जानेवारी

मोजपट्टी,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. घरात काम खूप होतं.

इकडे सगळं ठीक. फेऱ्या चालू आहेत, तुझा आकडा चुकायचा नाही. मार्चअखेर म्हणजे यंत्र नक्की कुठल्या तारखेला काढणार, तेवढं कळव. थंडी फार आहे आणि माझे गुडघे बोलायला लागलेत.

झोपत जा रे. दूध पी.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

अगं, तू एवढीशी चिठ्ठी लिहितेस आणि मुख्य बातमी गिळून बसतेस! मला यंत्राकडून कळायची का?

वर्ष बदलताना अकरा दिवस सातचा आकडा खाली होता, तेव्हा मी रोज आल्या आल्या आधी तोच बघायचो. म्हटलं थंडीमुळे बाहेर पडत नसतील. नऊ जानेवारीपासून पुन्हा ऐंशी. आज सहज वेळा काढून बघितल्या, आणि खुर्चीतून उठूनच उभा राहिलो. पूर्वी भावोजींना चाळीस फेऱ्यांना तास लागायचा. आता पंचवीस मिनिटं! ताई, पंचवीस! एकेक खेप वीस सेकंदांच्या आत. म्हणजे कठडा सुटला का? काठी घेऊन चालतात, की तीही नको? शेजारच्या टेबलावरच्याला मी सांगून टाकलं, आमचे भावोजी पळायला लागले. त्याला काही कळलं नाही, पण त्याने चहा पाजला.

या सगळ्या खोट्यातून एवढं एक खरं निघालं, तर मला माझं तोंड आरशात बघता येईल. त्या धुलाईघरातल्या बाईचा कागद अजून माझ्या खणात आहे, खण उघडला की दिसतो. पण मी स्वतःला सांगतो, एक माणूस उभा राहिला ना.

यंत्र एकतीस मार्चला काढणार. भावोजींना माझा नमस्कार सांग, आणि म्हणावं, एवढ्या जोरात गाडी हाकू नका, दंड होईल.

मोजपट्टी


२७ फेब्रुवारी

मोजपट्टी,

तुझं पत्र आधी मनात वाचलं. मग ह्यांच्या उशाशी बसून मोठ्याने वाचायला घेतलं. "पंचवीस मिनिटं" इथपर्यंत आले आणि पुढे वाचवेना.

ते हे नाहीत. ती मी आहे.

वर्ष संपायला दोन दिवस होते तेव्हा ह्यांना दुसरा झटका आला. अकरा दिवस दवाखान्यात होतो. लेक येऊन राहून गेली, मामाला कळवायचं नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. तुला कळलं असतं तर तू बोलून गेला असतास, आणि फाटक लागलं असतं. डॉक्टर म्हणाले होते, दोन महिने बघू. मी एवढंच धरून बसले, की हे उठतील तेव्हा फाटक उघडं पाहिजे. दुसरं काही सुचतच नव्हतं. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला जाऊन उभी राहिले आणि फेऱ्या घालायला लागले. ह्यांच्यासारखं हळू चालावं, हे डोक्यात आलं नाही. हे घरात एकटे, तोंडाला पाणी लावायलाही कोणी नाही, म्हणून भराभर आटपायचे. शिंप्याने दोनदा विचारलं, वहिनी, काही हरवलंय का? मी म्हटलं, हो, अंगठी. तो बिचारा एक दिवस माझ्याबरोबर शोधत बसला.

परत आले की हे डोळे उघडून बघायचे. मी सांगायचे, चाळीस. मग मिटायचे.

तुझ्या खणातली ती बाई मला भेटली आहे. दवाखान्यात ह्यांची चादर बदलायला तीच यायची. एकदा उशिरा आली, चपला चिखलाने भरलेल्या. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "आमच्या बाजूचं फाटक लावलंय हो. माणसं येत नाहीत म्हणे तिथून. मग मी कोण आहे?" मी सलाइनची नळी सरळ करत राहिले. नळी सरळच होती. तिने ह्यांना कुशीवर वळवलं, इतक्या हलक्या हाताने की मला स्वतःला तसं जमत नाही. मी आभारसुद्धा मानले नाहीत, नजर वर कशी करणार?

आणि तरी घरी आल्यावर मी फेऱ्या घालत होते. मला बोल लावायचा असेल तर लाव.

दोन महिने होत आले म्हणून काल डॉक्टर घरी येऊन गेले. पाय उचलून बघितला, टाचणी टोचून बघितली. म्हणाले, आता चालणं होणार नाही. उशा लावून बसतं केलं तर बसतील, तेवढं करा. मी मान हलवली. आणि पहिल्यांदा मनात काय आलं सांगू? उद्या सकाळी जायला नको. सुटले. मग त्याची इतकी लाज वाटली, की बाथरूममध्ये नळ सोडून रडले. माणूस आयुष्यभरासाठी अंथरुणाला खिळला आणि मला माझ्या गुडघ्यांचं पडलं होतं. पण थकले रे मी. खूप थकले.

आता तू उठ आणि तुझ्या बाईंच्या खोलीत जा. त्या फोनवर असल्या तर बाहेर उभा राहा, पण परत फिरू नकोस. सगळं सांग. माझं नाव घालायचं तर घाल, मी सही करते. सातला कुलूप लावा आणि अकरा उघडा. तुझ्या नोकरीचं काय होईल ते मला माहीत नाही. ओरडा खावा लागेल, कदाचित जास्त काही. मी तुला बळ देऊ शकत नाही, माझ्याकडेच उरलेलं नाही. पण तू गेलास तर मला जरा बरं वाटेल, आणि तुलाही झोप लागेल.

मग सुट्टी मिळाली तर ये. ह्यांना बसतं करायला दोन माणसं लागतात.

आज सकाळी मी गेले नाही. आता तुझ्याकडे सातवर शिंपी तेवढा दिसेल, एकदा जाताना आणि एकदा येताना. यंत्र बिघडलं असं समजून कुणाला दुरुस्तीला पाठवू नकोस.

ताई